दोन बोटांवरचा कान

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात नव्यानं दाखल झालेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी कळतात. एक, ढोल कमरेला बांधला की रात्री कंबर बोलायला लागते. दुसरी, ढोलाचा आवाज खोडात नसतो, पानात असतो. पान सैल पडलं तर कितीही दणकट मुलगा टिपरू घेऊन उभा केला तरी ढोल नुसता धपधप करतो. तबलजी याच गोष्टीला पुडी म्हणतो. रॉक बँडमधला ड्रमर म्हणतो हेड, आणि जुन्या वळणाचा असेल तर अजूनही स्किन, जरी त्यात कातड्याचा मागमूसही उरलेला नसला तरी. नावं वेगवेगळी, दुखणं एकच: लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, आणि आवाज ठरवणारी वरची पातळ चकती मात्र झिजत जाते.

पण पथकाच्या ढोलासमोर माइक नसतो. लक्ष्मी रस्त्यावर पन्नास-साठ ढोल एकदम पडतात तेव्हा ते ऐकणारा कान गॅलरीत असतो किंवा रस्त्याच्या कडेला. मधली हवा, इमारतींच्या भिंती, माणसांची गर्दी या सगळ्यातून गाळून आवाज त्याच्यापर्यंत पोचतो. रॉक ड्रमरचा कान वेगळ्याच ठिकाणी असतो. त्याच्या वाद्याच्या कडेलाच तो कान चिमट्यानं अडकवलेला असतो, हेडपासून जेमतेम दोन बोटं वर. समोरचे हजार लोक जे ऐकतात ते त्या कानातून आलेलं असतं.

चंदीगडमध्ये हे सहज पाहायला मिळतं. फेब्रुवारीत थंडीचा कडाका सरतो, गुलाबांचा मोसम येतो आणि कॉलेजांच्या मैदानांवर मंच उभे राहायला लागतात. पंजाबी पॉपचं हे माहेरघर; मोठ्या रात्री त्याच्याच नावावर असतात. पण रॉकचाही इथे एक हट्टी पंथ आहे. २००८ मध्ये उभा राहिलेला आणि २०१५ मध्ये ‘आलस का पेड़’ हा अल्बम काढणारा ‘द लोकल ट्रेन’ हा हिंदी रॉक बँड या शहराशी आपलं नातं सांगतो, आणि आज इथल्या वसतिगृहांत ड्रमच्या काठ्या घेऊन उशीवर सराव करणाऱ्या मुलांना ते ठाऊक असतं. अशा मुलाला पहिल्यांदा खऱ्या मंचावर बसवलं की साउंड चेकमध्ये खालून हाक येते: “पाजी, फ्लोर टॉम बहुत गूंज रहा है. कुछ लगाओ उस पे.” मुलगा चक्रावतो. सरावाच्या खोलीत तर तो टॉम, जमिनीवर उभा असलेला तो मोठा ड्रम, किती भरीव वाजत होता!

तो घुमणारा आवाज सरावाच्या खोलीतही होताच, फक्त ऐकणारं कोणी इतकं जवळ नव्हतं.

ताणलेल्या गोल चकतीवर काठी पडली की ती एकाच प्रकारे हलत नाही. सगळी चकती एकदम खालीवर होते, तो तिचा मूळ आवाज. त्याच वेळी ती अर्धी-अर्धी, पाव-पाव अशीही विभागून थरथरते आणि त्या प्रत्येक थरथरीचा स्वतःचा स्वर असतो. तारेच्या वाद्यात हे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे पडतात आणि कानाला एकच स्वच्छ स्वर लागल्यासारखा वाटतो. चकतीत हिशेब बिघडतो: १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट. एकमेकांशी न जुळणाऱ्या या स्वरांच्या गर्दीमुळे साध्या ढोलाला नीट स्वर नसतो, नुसता नाद असतो.

आपल्याकडच्या कारागिरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. तबल्याच्या आणि पखवाजाच्या पुडीवर शाईचे थर घोटून घोटून चढवले की मधला भाग जड होतो आणि विस्कटलेले स्वर ओळीत येतात. का येतात, ते सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं, आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर. चकतीच्या पहिल्या नऊ कंपनांची शाईमुळे पाच सुरेल गटांत विभागणी होते, हा त्यांच्या कामाचा गाभा. (रॉक ड्रमच्या काही स्नेअर हेडवर मधोमध काळा ठिपका असतो. तो पाहून ‘ही त्यांची शाई’ असं म्हणायचा मोह होतो. तो मोह आवरावा. तो ठिपका पातळ फिल्मचा एक जादा तुकडा असतो. मार सोसायला आणि किणकिण थोडी कमी करायला लावलेला.)

ड्रम किटला शाई नाही, त्यामुळे वरच्या स्वरांची गर्दी तशीच राहते. आता त्यातला खरा घोळ. ज्या कंपनांत चकती अनेक फाकांत विभागते, त्यांची हालचाल मधे कमी आणि कडेला जास्त असते. आणि माइक कुठे असतो? कडेलाच. रिमला चिमटा लावायला सोपं, काठी लागत नाही, म्हणून. म्हणजे वाद्यातला सर्वांत चिरका भाग जिथे राहतो, नेमका त्याच्या दारात आपण कान नेऊन ठेवलेला असतो. ड्रमरचा स्वतःचा कान तिथून दोन फुटांवर, श्रोत्याचा दोनशे फुटांवर. मोकळ्या मैदानावर त्या श्रोत्यापर्यंत पोचणारा जवळजवळ सगळा आवाज स्पीकरचा, म्हणजे पर्यायानं त्या कडेच्या माइकचा असतो.

माझ्या मते माइकसाठी हेड निवडण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यावर उभं आहे: स्टुलावर बसून छान वाटतं ते हेड नव्हे, कडेला दोन बोटांवरून ऐकलं तर सुसह्य वाटेल ते हेड. दुकानात हेड विकत घेताना कुणी कान असा कडेशी नेत नाही. न्यायला हवा.

जाडीपासून सुरुवात करू, कारण दुकानदारही तिथूनच करतो. १९५० च्या दशकापर्यंत ड्रमवर वासराचं कातडं असे. पावसाळी हवेत ते ढिलं पडे, कोरड्या हवेत तडकेल इतकं ताणे. आपल्या हलगीवाल्यांना हे सांगायला नको; ते आजही वाजवण्याआधी हलगी शेकून घेतात. मग ड्युपाँट कंपनीची मायलर ही पॉलिएस्टर फिल्म आली. ती ओल जवळजवळ पीतच नाही. अमेरिकेत दोघा-तिघांनी एकाच सुमारास ती ड्रमवर चढवली. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये त्यावर कंपनीच काढली आणि हेडला नाव दिलं ‘वेदर किंग’, हवामानाचा राजा. नावातच जुन्या कातड्याला टोमणा होता.

या फिल्मची जाडी मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रेमोचं अँबॅसेडर किंवा इव्हान्स कंपनीचं जी-१ हे एकेरी, १० मिलचं. म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. एम्परर किंवा जी-२ हे दुहेरी, ७-७ मिलच्या दोन फिल्म एकावर एक. एकेरी हेड हलकं, त्यामुळे चटकन हलतं, हळू वाजवलं तरी बोलतं आणि काठी उचलल्यावरही बराच वेळ गात राहतं. जॅझ वाजवणाऱ्याला, छोट्या खोलीत बिनमाइकचं वाजवणाऱ्याला तेच हवं असतं. दुहेरी हेडमध्ये दोन फिल्म एकमेकींवर घासतात आणि वरची किणकिण लवकर विरते. आवाज थोडा खालचा, भरदार आणि आखूड होतो. शिवाय रॉकचा ड्रमर मनगटापेक्षा खांद्यातून वाजवतो. त्याच्या माराखाली एकेरी हेडला दोन कार्यक्रमांत खड्डे पडतात.

म्हणून टॉमवर दुहेरी, पारदर्शक. पारदर्शक अशासाठी की पांढरा खरखरीत लेप असलेल्या हेडपेक्षा त्याच्यावर काठीचा टोला स्पष्ट उमटतो, आणि गिटारच्या भिंतीतून टॉम बाहेर यायचा तर टोलाच उपयोगी पडतो. गुंजन कुणाला ऐकू येत नाही. खालच्या बाजूला मात्र एकेरीच ठेवावं. खालचं हेड मोकळं हललं नाही तर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. वर-खाली दोन्हीकडे जाड हेड लावून ‘आवाज का मेला’ म्हणून विचारणारे मी पाहिलेत.

यापुढच्या पायरीवर पिनस्ट्राइपसारखी हेड येतात: दोन फिल्म आणि कडेला चिकटवणीची एक पट्टी. कडेची किणकिण कडेलाच दाबायची, असा सरळ हिशेब. १९७० च्या दशकात ही रॉकमध्ये फार चालली, आणि माइक लावलेल्या मंचावर ती आजही चुकीची नाहीत. त्याच्याही पुढे हायड्रॉलिक, ज्यात दोन फिल्मच्या मधे तेलाचा थर असतो. प्रकाशात तिरकं धरलं तर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. नवशिक्यांचं हे फार आवडतं हेड. का, ते सांगतो: त्यावर सूर नीट लावला नाही तरी कळत नाही. माझं मत विचाराल तर शेवटचा उपाय म्हणून ते ठीक, पहिली निवड म्हणून नको. साउंड इंजिनिअरकडे आवाज आखूड करण्याची साधनं असतात. गेट नावाचं यंत्र ठोका संपला की माइकचं दार लावून घेतं, नको ती पट्टी कापता येते. पण हेडनं जो नाद काढलाच नाही, तो त्याला कुठूनही आणता येत नाही.

याच कारणासाठी मला हेडपेक्षा चिकटपट्टी प्रिय आहे. पखवाजवादक डाव्या बाजूला कणकेचा गोळा लावतो, मैफल संपली की खरवडून टाकतो. जड-हलकं करणं त्याच्या हातात राहतं. ड्रमर जेलचा छोटा चौकोन किंवा कापडी टेपची घडी कडेजवळ लावतो, तीच युक्ती. बीटल्सच्या शेवटच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांत रिंगो स्टारनं ड्रमवर चक्क चहाचे पंचे टाकले होते. कॉलेजातला ड्रमर स्नेअरवर खिशातलं पाकीट ठेवतो. त्यात नोटा नसतातच, पण तेवढं वजन पुरतं.

स्नेअरचं, म्हणजे खालून तारा लावलेल्या ड्रमचं, गणित टॉमपेक्षा नाजूक. तिथे वर लेप असलेलं हेड, एकेरी किंवा ठिपक्याचं, दुहेरीही चालतं. पण खाली नेहमी खास स्नेअरचंच, ३ मिलचं. ती फिल्म इतकी पातळ असते की तिच्यावरून प्रकाश घसरतो, आणि तिला लागून असलेल्या तारा तिच्याच थरथरीवर झणझणतात. घाईत खाली टॉमचं हेड बसवलं तर तारा मुक्या होतात. वर फार जाड हेड घातलं तर हळुवार ठोके, ज्यांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात, ते माइकपर्यंत जातच नाहीत, आणि मग इंजिनिअर आवाज वाढवतो, आणि मग शेजारची हाय-हॅट झांज त्या माइकातून घुसते. एका हेडच्या निवडीतून अशी साखळी सुरू होते.

किकचं, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, सांगायचं तर माइकनंच तिचा कायापालट केला. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमेरिक या तरुण इंजिनिअरनं बीटल्सच्या ध्वनिमुद्रणात किकच्या अगदी जवळ माइक नेला, तेव्हा तो तिथल्या नियमांच्या विरुद्ध होता. जवळ नेल्यावर जे घुमायला लागलं ते दाबायला त्यानं आत एक लोकरी स्वेटर कोंबला. आज आपण विकत घेतो ती किकची हेड म्हणजे त्या स्वेटरचे वंशज: कडेला फोमची कडी किंवा आतून पातळ पट्टी बसवलेली. इव्हान्सचं इमॅड, रेमोचं पॉवरस्ट्रोक ३, ॲक्वेरियनचं सुपरकिक हे सगळे त्याच घराण्यातले. समोरच्या हेडला साधारण चार-पाच इंची भोक पाडतात, एका बाजूला, मधोमध नाही. त्यातून माइकचं तोंड आत जातं. माइक आतल्या हेडच्या जवळ नेला की पायाच्या हातोडीचा टक् मिळतो, भोकाच्या तोंडाशी आणला की छातीत बसणारा धक्का. हातोडी पडते तिथे छोटी चकती चिकटवायला विसरू नये. किकचं हेड एकदा मधेच फाटलं की कार्यक्रम तिथेच संपतो. टॉम फाटला तर निदान चुकवता येतो.

इथे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लेड झेपलिनचा जॉन बॉनम. २६ इंची किक, दोन्ही हेड शाबूत, दडपण जवळजवळ नाही. प्रत्येक पोराला तो आवाज हवा असतो. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले ड्रम मात्र एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या दालनात ठेवले होते, आणि माइक दोन, जिन्यावर वर टांगलेले. तो आवाज हेडइतकाच त्या जिन्याचा आहे. चंदीगडच्या मोकळ्या मैदानावर जिना नाही. तेच उघडं हेड तिथे कडेच्या माइकातून नुसतं ओरडतं.

आणि ते एकटं ओरडत नाही. मंचाखाली मोठे सबवूफर असतात, शेजारी बेसचा ॲम्प, पायाशी मॉनिटर. ड्रमला हात न लावताही फ्लोअर टॉमचं हेड त्या घुमाऱ्यानं थरथरतं, त्याच्यावरचा माइक ती थरथर उचलून पुन्हा सबवूफरला देतो, आणि वर्तुळ सुरू होतं. खालून आलेली ती “पाजी” हाक याचीच असते. दुहेरी हेड आणि टेपची एक घडी हे वर्तुळ तोडतात. कधी कधी नुसता सूर थोडा वर-खाली केला तरी भागतं, कारण हेड आता सबवूफरच्या लाडक्या स्वरावर बसलेलं नसतं. हे आधी करून पाहावं, फुकट आहे.

सेक्टर २६ मधल्या एखाद्या पबमध्ये वाजवायचं असेल तर वरचं बरंच काही उलटं करावं लागतं. तिथे किकला एक माइक, फार तर स्नेअरला. बाकी ड्रम खोलीला स्वतःच ऐकू जातात, वर काँक्रीट आणि काच. वास्तुविशारद कॉर्ब्युझिएनं आखलेल्या या काँक्रीटच्या शहरात मऊ भिंती मिळणं तसंही कठीण. अशा जागी दाबलेलं हेड पुठ्ठ्यासारखं वाजतं, आणि एकेरी लेपाचं हेड हलक्या हातानं वाजवलं तर गोड लागतं. बँड एकच, ड्रम तेच, शहर तेच, पण हेड वेगळं. दोन्हीसाठी एकच संच ठेवणार असाल तर लेप असलेलं दुहेरी हेड हा मधला मार्ग. कुठेच उत्तम नाही, कुठेच वाईटही नाही.

चंदीगडच्या हवेला मायलर फसत नाही, असं मी वर सुचवलं. पूर्ण खरं नाही. ओलीला ते फसत नाही, उन्हाला थोडं फसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी तीनला मंचावर ऊन असतं आणि रात्री आठला शिवालिकच्या टेकड्यांवरून गार वारा उतरतो. उन्हात तापलेलं हेड किंचित सैलावतं, गार पडलं की सूर चढतो. तीनच्या साउंड चेकला जुळवलेला टॉम आठला वेगळा लागतो. सूर लावायची चावी खिशात ठेवायची आणि आधीचा बँड उतरत असताना एकदा फिरवून घ्यायची, समोरासमोरच्या स्क्रूंवर, तबलजी सोळा घरांवरून हातोडी फिरवतो तशी. नवं हेड असेल तर आदल्या दिवशीच चढवावं. आधी बोटांनी सगळे स्क्रू घट्ट करायचे, मग तळहातानं मधोमध दाबायचं. कडेचा गोंद कडकड वाजतो, घाबरू नये. ते बसण्याचा आवाज आहे.

आता अडचण अशी की कॉलेजच्या महोत्सवात किट तुमचं नसतंच. भाड्याचं एक किट, त्यावर एका संध्याकाळी आठ-दहा बँड, आणि हेड कुणी कधी बदललीत हे भाडेवाल्यालाही आठवत नाही. मधला लेप उडून राखाडी वर्तुळ पडलेलं, बोट फिरवलं तर खळगे लागतात. अशा हेडवर सूर धरतच नाही, कारण फिल्म जागोजागी ताणून गेलेली असते. त्यासाठी ड्रमर मंडळींत जुना रिवाज आहे: स्वतःचा स्नेअर, स्वतःच्या झांजा आणि स्वतःचा पायाचा पेडल घेऊन जायचं. आयात केलेला हेडचा पूर्ण संच विद्यार्थ्याच्या खिशाला काही हजारांचा खड्डा पाडतो. पण एका स्नेअरचं वरचं हेड परवडतं. पैसे एकाच हेडपुरते असतील तर मी ते स्नेअरवरच घालीन. रॉकमध्ये प्रत्येक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर श्रोता ऐकतो तो स्नेअर, आणि उरलेल्या भाड्याच्या टॉमचं काम टेप आणि चावी करतात.

साउंड चेकला वेळ कधीच पुरत नाही. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे, त्यामुळे उशीर झाला की कात्री पहिल्या बँडच्या साउंड चेकवर चालते. हाती दहा मिनिटं आली तर किक, स्नेअर आणि फ्लोअर टॉम एवढंच पाहावं, याच क्रमानं. प्रत्येक ड्रम एकटा आठ-दहा वेळा, कार्यक्रमात वाजवणार तितक्याच जोरानं. बहुतेक मुलं साउंड चेकला लाजत हळू वाजवतात आणि पहिल्या गाण्याला खांदा मोकळा करतात, मग खालचा माणूस सगळे आकडे नव्यानं लावत बसतो. शक्य असेल तर स्टुलावर एखाद्या मित्राला बसवून स्वतः मैदानात मिक्सरच्या टेबलापर्यंत चालत जावं. तिथे उभं राहून आपलाच फ्लोअर टॉम पहिल्यांदा ऐकणाऱ्या ड्रमरचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मग तो काही न बोलता मंचावर परत जातो आणि खिशातून टेपचं रीळ काढतो.